फरक हाय का, आप्पा?

हौशीराम बोराटे यांना साखरेचा आजार नाही. तरीही भीमेच्या काठावरच्या त्यांच्या वाडीत जवळजवळ वर्षभर कुणी त्यांना गोड चहा दिला नाही. कुणाच्याही ओट्यावर टेकले की आतल्या बाईला हाक जायची, "आप्पांचा येगळा टाका." मग तो काळपट, कडसर चहा समोर यायचा आणि आप्पा तो मुकाट्यानं प्यायचे. लहानपणी ज्याच्यापायी आईला साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवावा लागला, त्या माणसावर ही वेळ. आणि ती दुसऱ्या कुणी आणली नव्हती, त्यांची त्यांनीच ओढवून घेतली होती.

झालं होतं असं. आप्पांच्या फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी, औषधाचा एक पांढरा डबा असायचा. त्यात भरलेली इंजेक्शनं. आठवड्यातून एकदा पोटाची चिमूट धरून आप्पा त्यातलं एक टोचून घेत. चुलतभाऊ गेणबा एकदा विरजण मागायला आला, त्यानं स्वतःचं घर असल्यासारखा फ्रिज उघडला आणि डबा पाहून विचारलं, साखर झाली का काय? आप्पांनी मान डोलावली. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. गेणबाच्या कानावर पडलेल्या गोष्टीला वेगळी दवंडी लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून आप्पांचा चहा वेगळा झाला.

साखर ही चारचौघांत सांगता येण्यासारखी गोष्ट आहे. आप्पांना जे झालं होतं ते तसं नव्हतं. लघवीची तक्रार घेऊन ते आधी शिरूरला आणि मग पुण्याला गेले, तेव्हा प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. वेळेवर सापडली होती, ऑपरेशननं पूर्ण निघेल असं डॉक्टर म्हणाले. प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांनी फार बारीक नसा जातात, गाठ काढताना त्या दुखावू शकतात आणि मग बायकोजवळ जाताना पुरुषाला जी ताठरता लागते ती राहत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता आधीच सांगितलं होतं. काहींच्या नसा दीड-दोन वर्षांत सावरतात, काहींच्या नाही. आप्पांनी तेव्हा हात जोडले होते. जीव राहू द्या, बाकीचं बघू, असं म्हणाले होते. मरण समोर दिसत असताना माणूस दुसरं काय म्हणणार? जीव राहिला, आणि बाकीचं बघायची वेळ आली.

पन्नाशी उलटली, दोन्ही लेकी सासरी नांदतात, आता त्याचं काय एवढं, असं म्हणणारे लोक असतात. त्यांनी स्वतःपुरतं बोलावं. आप्पा आणि तुळजाबाई ही मुळातच कमी बोलणारी जोडी. उजाडल्यापासून दोघं शेवंतीच्या सऱ्यांत वाकलेली, ही या ओळीत, ते त्या ओळीत, आणि अख्ख्या दिवसाचं बोलणं म्हणजे पाणी सोडलं का आणि जेवायला चला. भांडण झालं तरी शब्दांनी व्हायचं नाही आणि मिटलं तरी शब्दांनी मिटायचं नाही. एक जण रुसला की दुसऱ्यानं अंथरुणात हात पुढं करायचा, आणि सकाळी दोघं काही झालंच नाही अशी कामाला लागायची. इतक्या वर्षांचा संसार त्या जवळिकीवर चालला होता. ऑपरेशननंतर ती गेली आणि तिच्या जागी ठेवायला दोघांकडंही शब्द नव्हते. आप्पांना हे असं मांडता आलं नसतं. आपण आपल्याच घरात पाहुण्यासारखे झालो आहोत, एवढंच त्यांना जाणवायचं.

पहिले काही महिने त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन पाहिल्या. नस शाबूत असेल तर त्या गोळ्या काम करतात, नसच दुखावलेली असेल तर फारसा उपयोग होत नाही, हे नंतर कळलं. बायकोजवळ जायचं आणि काही न होता तोंड फिरवून झोपायचं, हे त्यांच्या जिवाला फार लागायचं. शेवटी एक दिवस त्यांनी आपली बाज उचलली आणि मळ्यातल्या फुलांच्या शेडमध्ये नेऊन टाकली. राखण पाहिजे म्हणाले. शेवंतीला कसली राखण? ती काय ऊस आहे, रानडुकरांनी मोडायला? तुळजाबाईंना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे. पण त्यांनी काही न बोलता गोधडी आणि पाण्याची कळशी शेडमध्ये पोचवली. आप्पांनी त्याचा अर्थ असा काढला, की हिलाही सुटल्यासारखं वाटलं असेल.

अशात तपासणीला गेले असताना मोठ्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाचा विषय काढला. दुखावलेल्या नसेला पुन्हा जोर धरायला त्यानं मदत होते का, याची चाचणी चालू होती. ऑपरेशनमध्ये किंवा अपघातात नस दुखावलेल्या पुरुषांना त्यात घेत होते. थोड्या लोकांना आधी देऊन झालं होतं, अपाय दिसला नव्हता, गुण येतो की नाही ते मात्र अजून कुणालाच माहीत नव्हतं. पुढचं समजावून सांगायला स्नेहल नावाची एक मुलगी होती, चाचणीचं काम तिच्याकडं असायचं. तिनं मराठीत छापलेली पानं सावकाश वाचून दाखवली. निम्म्या लोकांना औषध मिळणार, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला कोणतं, ते ना पेशंटला कळणार, ना डॉक्टरांना.

"म्हंजी साधी ओळ," आप्पा म्हणाले.

स्नेहलला ते कळलं नाही, आणि आप्पांनीही जास्त सांगितलं नाही. त्यांच्या मळ्यात असे प्रयोग होऊन गेले होते. कीटकनाशकाच्या कंपनीचा साहेब येतो, शेवंतीच्या काही ओळींवर नवं औषध मारतो, शेजारच्या ओळी साध्या ठेवतो आणि दोन्हीकडं पाट्या लावतो. फुलं धरली की पीक पाहणीचा कार्यक्रम होतो. मांडव पडतो, जेवणं होतात, शेतकऱ्याला फेटा बांधून हातात नारळ देतात आणि माईक तोंडापुढं धरून विचारतात, "फरक आहे का, आप्पा?" फेटा बांधलेल्या माणसाकडं याचं एकच उत्तर असतं. "लई फरक हाय." यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, कारण कुणी त्या बोलण्यावर विसंबून राहत नाही. टाळ्या झाल्या की गेणबासारखी माणसं सरळ ओळीत शिरतात, पानं उलटी करून कीड बघतात आणि काय ते आपलं आपण ठरवतात. पाहुण्याचा मान राहतो आणि शेजाऱ्याचं नुकसानही होत नाही. आप्पांनी आजवर बऱ्याच कंपन्यांना असा लई फरक सांगितला होता.

तर आप्पांनी सही केली. तुळजाबाईंनाही अधूनमधून फोनवर काही प्रश्न विचारले जाणार होते, म्हणून त्यांचीही सही झाली. आप्पांच्या पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. मोटारसायकलनं पूल ओलांडून दौंडच्या हद्दीत शिरायचं, केडगाव स्टेशनला गाडी लावायची आणि दौंडहून येणारी शटल धरायची. दवाखान्यात रक्त द्यायचं, वजन करायचं आणि शेवटी स्नेहलच्या खोलीत जाऊन बसायचं.

त्या खोलीत आप्पांचा कस लागायचा. मुलगी चांगली होती, त्यांच्या धाकट्या वैष्णवीच्या वयाची. दार नीट लावून घ्यायची, पाणी विचारायची, समोरच्या कागदावरून नजर न उचलता शांतपणे एकेक प्रश्न वाचायची. पण प्रश्न असे, की घरच्या बाईनंसुद्धा कधी तोंडानं विचारले नसते. ताठरता आली का, किती वेळा आली, टिकली का. लेकीच्या वयाच्या मुलीपुढं आप्पांची मान वर होत नसे. पहिल्या खेपांना ते जमिनीकडं बघत न्हाई, न्हाई म्हणत राहिले आणि बाहेर आल्यावर घाम पुसत राहिले. मग एका खेपेला मोठे डॉक्टर स्वतः खोलीत डोकावले. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय आप्पा, फरक आहे का काही?"

आणि आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "हाय की. लई फरक हाय."

ज्यानं आपला जीव वाचवला तो माणूस एवढ्या आपुलकीनं विचारतोय, त्याचं तोंड कसं उतरवायचं? आप्पांच्या रीतीत ते बसतच नव्हतं. डॉक्टर खूश झाले, स्नेहलचा चेहराही उजळला. त्या दिवशी तिचे सगळे प्रश्न पटापट संपले, कारण आप्पा प्रत्येकाला हाय म्हणत गेले. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. या ओळीत शिरून पानं उलटी करून बघणारा गेणबा कुणी नव्हता. इथं आप्पांचा शब्द हेच पीक होतं, आणि लोक त्यावर विसंबणार होते.

एकदा हाय म्हटल्यावर पुढच्या महिन्यात न्हाई म्हणणं अवघड झालं. आप्पांनी तेच चालू ठेवलं. घरी काहीच बदललं नव्हतं. ते आपले शेडमध्ये झोपत होते आणि तुळजाबाई घरात.

दवाखान्यातल्या बाकावर त्यांची संपतशी ओळख झाली. तिशीचा पोरगा, कोरेगाव भीमाचा, रांजणगावला कंपनीत कामाला. ड्यूटीवर जाताना त्याची गाडी ट्रेलरखाली गेली, कमरेचं हाड मोडलं आणि नस दुखावली. तो चालायला लागला, कामावरही जायला लागला, पण तेवढं एक काही सावरलं नाही. बायको अंकिता दौंडला माहेरी गेलेली. भांडून नाही, नुसतीच गेली आणि परत यायचं नाव काढत नव्हती. हे सगळं त्यानं आप्पांना पहिल्याच भेटीत सांगितलं, कारण जगात त्याला हे सांगता येण्यासारखा दुसरा माणूस नव्हता. मग एक दिवस त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "आप्पा, तुमाला काय गुन हाय का?"

तिथं ना मांडव होता, ना फेटा. समोर एक घाबरलेला पोरगा होता आणि त्याला खरं हवं होतं. पण स्नेहलच्या खोलीचं दार उघडंच होतं, आत तिला ऐकू गेलं असतं, आणि आप्पा आपल्या आधीच्या शब्दात पुरते अडकले होते. ते म्हणाले, "हाय. हुतंय हळूहळू. धीर धर." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या शटलमध्ये आप्पांना खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घरात काहीतरी बिनसलं. तुळजाबाई एरवी आप्पांच्या शेजारच्या ओळीत खुडायला बसत, त्या आता मळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागल्या. जेवण वाढायच्या, पण आपलं ताट घेऊन चुलीकडं तोंड करायच्या. आप्पांनी दोनदा काय झालं म्हणून विचारलं आणि दोन्ही वेळा काही नाही असं उत्तर आलं. एका दुपारी शेडमध्ये दोघं फुलं पोत्यात भरत होती. संध्याकाळच्या टेम्पोनं माल मार्केट यार्डला जायचा होता. पोत्याचं तोंड शिवता शिवता तुळजाबाई वर न बघता बोलल्या.

"गुन आलाय म्हनं तुमाला."

आप्पांचा हात थांबला. कोण म्हणालं, असं त्यांनी विचारलं. कोरेगावच्या पोराचा फोन आला होता. आप्पा ठिबकची नळी बघायला गेले होते, म्हणून फोन तुळजाबाईंनी उचलला. आप्पांना गुण आला म्हणून त्यालाही धीर आला, रविवारी तो बायकोला आणायला दौंडला निघाला होता आणि काकींना सांगून आप्पांचे उपकार मानत होता.

"मला सांगायचं तरी," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता, सुई मात्र चालायची थांबली होती. "आजारानं येत न्हाई म्हनून म्या गप ऱ्हायले. आता आजार बी ग्येला, तरी तुमी हितंच. म्हंजी आजाराचं न्हवतंच ते. मन उडालं आसंल माझ्यावरनं, तर उडालं. म्या काय धरून ठिवनार हाय व्हय? पर राखनीचं सोंग कशाला करायचं?"

आप्पांना वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. आपल्या लाजेनं आपण मरतोय एवढंच ते आजवर धरून बसले होते. शेजारी ही बाई वेगळ्याच दुःखानं झुरतेय, आपण नवऱ्याला नकोशी झालोय असं समजून एकटी घरात निजतेय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते फुलांच्या ढिगाशेजारी खाली बसले.

"तुळजे, गुन न्हाई आला," ते म्हणाले. "येक दिस न्हाई आला. म्या खोटं बोललो."

"त्या लेकराला?"

"त्याला, डाक्टरला, त्या पोरीला. समद्यास्नी. डाक्टरनं इचारलं आन् तोंडातनं गेलं."

तुळजाबाईंनी आता वर पाहिलं. मग तुम्ही शेडमध्ये का, असं त्यांनी विचारलं नाही, पण आप्पांना ते ऐकू आलं आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी अशा गोष्टीला शब्द दिले. तुझ्याजवळ येऊन रिकामं परत फिरायची लाज वाटते, म्हणाले. अंधारात तू काही बोलत नाहीस, त्याची जास्त वाटते. असं वाटतं की मी तुझा कुणी राहिलो नाही. बोलता बोलता ते रडायला लागले, आणि पन्नाशीच्या पुढचा माणूस रडतो तसे, तोंड लपवायला जागा शोधत रडले. तुळजाबाई उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. शेवंतीच्या चिकानं काळा पडलेला आपला हात त्यांनी आप्पांच्या मानेवर ठेवला.

"मला बी त्या पोरीचा फोन आलता," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "घरी फरक हाय का म्हनून इचारलं. म्या हाय म्हनलं."

"तू कशापायी?"

"मग काय माझा नवरा कमी हाय म्हनून परक्याला सांगू?"

त्यावर दोघंही एकमेकांकडं बघत राहिली आणि हसू आलं ते आधी आप्पांना. पण ते टिकलं नाही. तुळजाबाईंनी बाजेवरची गोधडी उचलून घडी घातली आणि काखेत मारली. "शेजारी निजायला कुनी मना केलंय तुमाला?" त्या म्हणाल्या. "तेवढ्याचसाठी नांदले व्हय म्या हितकी वरसं?" मग दाराशी थांबून त्यांनी आठवण करून दिली, की रविवार परवावर आला आहे आणि त्या पोराला आधी खरं सांगायला हवं.

ही गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नव्हती. आप्पा दुसऱ्या दिवशी मोटारसायकलनं कोरेगावला गेले. संपतची पहिली पाळी सुटायची होती, म्हणून हायवेच्या कडेला, कंपनीची बस थांबते तिथं, उभे राहिले. तो उतरला, आप्पांना बघून खूश झाला, पाया पडायला वाकला. आप्पांनी त्याला वाकू दिलं नाही. तिथंच, ट्रकांच्या आवाजात, त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

संपतनं हातातली डब्याची पिशवी खाली टेकवली. तो चिडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर आप्पांना बरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, "आप्पा, म्या बी दवाखान्यातल्या ताईला हाय म्हनूनच सांगितलंय. तुमच्यासारख्याला ह्या वयात गुन येतोय, आन् मला न्हाई, हे सांगाय कसंतरीच वाटलं."

आप्पांना तेव्हा पुरतं कळलं, आपण काय करून ठेवलंय ते. एका भिडेच्या शब्दावर दुसऱ्याचा शब्द चढला होता, आणि दवाखान्यात बसलेली ती मुलगी हे सगळं खरं धरून चालली होती. उद्या या भरवशावर कितीतरी संपत हेच इंजेक्शन टोचून घेतील आणि बायकांना आणायला निघतील, हा विचार त्यांना सहन होईना.

"उद्या जाऊ का नको मग?" संपतनं विचारलं. "निरोप धाडलाय म्या."

"जा," आप्पा म्हणाले. "पर गुन आला म्हनून न्हाई. आला न्हाई म्हनून सांग, आन् मग चल म्हन. म्या बी तेच केलं काल. लई उशिरा केलं."

अंकिता त्या रविवारी आली नाही. संपतनं फोन करून कळवलं, की तिनं सगळं ऐकून घेतलं, विचार करते म्हणाली आणि चहा करून दिला. एवढंच झालं होतं, पण आजवर तेवढंही झालं नव्हतं.

पुढच्या खेपेला तुळजाबाई आप्पांबरोबर पुण्याला निघाल्या. केडगाव स्टेशनात गेणबा भेटला. तोही मार्केट यार्डाला चालला होता. शटलला अवकाश होता, म्हणून त्यानं मोठ्या मनानं चहा सांगितला आणि चहावाल्याला बजावलं, त्यातला एक बिनसाखरेचा. तुळजाबाई पदर सावरून म्हणाल्या, "नको भावजी. त्यास्नी साखरंचाच घ्या. साखर न्हाई त्यांना."

गेणबा गोंधळला. "मग ती इंजेक्शनं कशाची, आप्पा?"

आप्पांनी एकदा तुळजाबाईंकडं पाहिलं. "गाठीच्या आपरेशनात नसा दुखावल्या, त्याची," ते म्हणाले. "बायकोपाशी जाता येत न्हाई. त्याचं औषध हाय, गुन येतोय का बघत्यात." गेणबाला बोलायला काही सुचलं नाही, असं वाडीत कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं चहाचा कप हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. गाडी येईपर्यंत तो फक्त आप्पांच्या शेजारी उभा राहिला, आणि आप्पांनी तो गोड चहा अगदी तळातल्या साखरेपर्यंत प्यायला.

दवाखान्यात आप्पांनी स्नेहलला बसल्या बसल्याच सांगून टाकलं, की मागचं सगळं खोटं आहे. आपलंही आणि बायकोचंही. संपतचं संपत सांगणार होता, त्याला त्यांनी तशी शपथ घातली होती. स्नेहल पेन खाली ठेवून ऐकत होती. ती रागावेल अशी आप्पांची तयारी होती. तिनं विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं, काका? आप्पांनी तिला पीक पाहणीची गोष्ट सांगितली. मांडव, फेटा, माईक, आणि नंतर ओळीत शिरणारा गेणबा. ती ऐकून स्नेहलनं मागच्या खेपांचे कागद काढून समोर ठेवले.

"आधीचं खोडता येत नाही मला," ती म्हणाली. "पण आज तुम्ही काय सांगितलंत आणि आधी काय चुकलं, तेही लिहीन. डॉक्टरांनाही सांगीन. ते तुमच्यावर नाराज होणार नाहीत. औषधाचा गुण नाही आला, हे कळणंसुद्धा आम्हाला हवंच असतं." मग तिनं थोडं थांबून विचारलं, की मी विचारण्याऐवजी एखाद्या पुरुष डॉक्टरनं विचारलेलं चालेल का. इतक्या महिन्यांत तिला हे विचारायचं सुचलं नव्हतं, त्याचं तिला वाईट वाटलेलं दिसत होतं.

"न्हाई, ताई. तूच इचार," आप्पा म्हणाले. "आन् हिला बी बसू दे हितं."

त्यांना जाता जाता एक विचारायचं होतं. आपण साधी ओळ आहोत का औषधाची? स्नेहल म्हणाली, मला खरंच माहीत नाही, चाचणी संपल्यावरच कळेल. आप्पांनी मान हलवली. साधी ओळ असली तरी कुणीतरी असायला लागतेच, हे त्यांना मान्य होतं. राहिलेली इंजेक्शनं आपण घेणार, असंही त्यांनी सांगितलं.

स्नेहलनं प्रश्नांचा नवा कागद पुढं ओढला आणि वाचायला सुरुवात केली. ताठरता आली का? आप्पांनी मान खाली घातली नाही. न्हाई. टिकली का? न्हाई. स्वतःच्या शरीराचा भरवसा वाटतो का? न्हाई. तुळजाबाई शेजारच्या खुर्चीवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. एकेक न्हाई कागदावर उतरत होतं आणि आप्पांना वाटलं होतं तितकं ते जड जात नव्हतं. शेवटचा प्रश्न उरला.

"जोडीदाराबरोबरच्या जवळिकीचं समाधान आहे का?" स्नेहलनं वाचलं आणि उत्तर येईना तशी तिनं वर पाहिलं. "खरं तेच सांगा, काका. नसेल तर नाही म्हणा."

आप्पांनी तुळजाबाईंकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचा हात आप्पांच्या खुर्चीच्या दांडीवर, आप्पांच्या हातावर, येऊन थांबला होता.

"हाय," आप्पा म्हणाले. "हे लिव्ह, ताई. हे खरं हाय."